घरच्या संगणकावर ऑनलाइन सिम रेसिंग : पहिल्या शर्यतीपर्यंतची तयारी

सिम रेसिंगकडे, म्हणजे संगणकावर हुबेहूब गाडी चालवून खेळायच्या शर्यतींकडे, वळणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणते व्हील (संगणकाला जोडायचे स्टीअरिंग) घेऊ?’ हाच असतो. परंतु त्याआधी शर्यती कोणत्या सिम्युलेटरवर, म्हणजे अशा खेळाच्या कोणत्या सॉफ्टवेअरवर खेळायच्या, हे ठरवलेले बरे. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचे २०१४ सालचे ‘असेटो कोर्सा’ एकदाच विकत घ्यावे लागते आणि साधारण संगणकावरही चालते, त्यामुळे एकट्याने सराव करण्यासाठी ते उत्तम आहे. मात्र त्याच्या खुल्या सर्व्हरवर पहिल्याच वळणावर गाड्यांचा ढीग होणे नित्याचेच. २००८ पासून चालू असलेल्या ‘आयरेसिंग’ला वर्गणी भरावी लागते. तेथे परवान्याचे वर्ग असून प्रत्येक चालकाच्या धडकांची नोंद राहते, म्हणून शिस्तीने शर्यत शिकायची असेल तर मी तेच सुचवीन, आणि पुढील विवेचनही त्यालाच धरून आहे.

लॉजिटेक जी२९ किंवा जी९२३ यांसारखे सुरुवातीचे व्हील पहिल्या वर्षाला पुरेसे आहे. व्हीलपेक्षा अधिक लक्ष पेडलकडे द्यावे, कारण वेळ ब्रेकवर वाचतो आणि शर्यतही ब्रेकवरच बिघडते. आपल्या घरांतील गुळगुळीत फरशीवर पेडल पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची मागे जाते, त्यामुळे पाय प्रत्येक वेळी वेगळाच दाब देतो. टेबल भिंतीला लावून पेडल आणि भिंत यांच्यामध्ये लाकडी फळी घट्ट बसवावी, पेडलखाली रबरी चटई अंथरावी आणि चार पायांची साधी खुर्ची घ्यावी. चाकांचीच खुर्ची वापरणे भाग असेल, तर तिची चाके जुन्या बुटांत ठेवण्याचा उपाय दिसायला विनोदी असला तरी चांगलाच लागू पडतो.

यानंतर पडद्यावर किती अंशांचे दृश्य दिसावे, हे ठरवावे लागते. २७ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ६० सेंटीमीटर असते; डोळे तितक्याच अंतरावर असतील तर आडवे दृश्य साधारण ५३ अंशांचे ठेवावे. आयरेसिंगमध्ये मॉनिटरची रुंदी आणि डोळ्यांपासूनचे अंतर भरले की हा आकडा आपोआप निघतो. आरंभी नळीतून पाहिल्यासारखे वाटते, आणि त्याला कंटाळून बहुतेक जण आकडा वाढवतात. परंतु तसे केल्याने वळण आहे त्याहून दूर भासते आणि ब्रेक उशिरा लागतो. ग्राफिक्स ठरवताना रिकाम्या ट्रॅकवरील फ्रेमरेटवर (दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या संख्येवर) विसंबू नये. संगणकाने चालवलेल्या वीसेक गाड्यांच्या मागे उभे राहून सुरुवात करून पाहावी, आणि तेव्हाही फ्रेमरेट ६० च्या खाली जात असेल तर सावल्या, आरसे आणि प्रेक्षक यांचा दर्जा उतरवावा.

राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाकावी. सर्व्हर दूर असल्याने पिंग (संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) जास्त असला तरी तो स्थिर असेल तर निभावते. सतत वरखाली होणारा पिंग मात्र इतरांनाही त्रासाचा ठरतो, कारण आपली गाडी पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज प्रत्येकाचा संगणक बांधत असतो आणि तो चुकू शकतो. त्याच कारणाने शेजारच्या गाडीला घासून जाण्याचा मोह टाळावा.

सरावासाठी मझदा एमएक्स-५ ही गाडी आणि अमेरिकेतील कनेटिकट राज्यातला लाइम रॉक हा ट्रॅक घ्यावा. दोन्ही मूळ वर्गणीत येतात. सरळ रस्त्याच्या शेवटी येणारे पहिले वळण उजवीकडचे आणि बरेच लांबलचक आहे. तेथे आधी ब्रेक जोराने दाबावा आणि व्हील जसजसे वळेल तसतसा पाय हळूहळू उचलावा. पाय एकदम काढला, तर पुढच्या चाकांवर आलेले वजन मागे जाते आणि गाडी वळायचे सोडून बाहेर सरकते. वेळ कितीही लागो, सलग दहा लॅप ट्रॅक न सोडता पूर्ण होईपर्यंत शर्यतीत नाव नोंदवू नये.

शर्यतीत ट्रॅकबाहेर गेल्यास एक, गाडीवरचा ताबा सुटल्यास दोन आणि जोराच्या धडकेला चार दंडगुण लागतात. धडकेत चूक कोणाची हे न पाहता ते दोघांच्याही नावावर चढतात. म्हणून पहिल्या वळणावर नेहमीपेक्षा लवकर ब्रेक लावावा. पुढच्या गाडीच्या आडोशाने हवेचा विरोध कमी होतो आणि आपण एरवीपेक्षा अधिक वेगाने तेथे पोहोचतो, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. गाडी गरकन फिरलीच तर ब्रेक पूर्ण दाबून ती थांबवावी, म्हणजे मागून येणाऱ्यांना वाट काढता येते. मग एफ३ कळ दाबून मागच्या गाड्या किती सेकंदांवर आहेत ते पाहावे आणि मोकळीक मिळाल्यावरच ट्रॅकवर परतावे.

धडक झाल्यावर चॅटमध्ये काहीही लिहू नये. शर्यत संपल्यानंतर रिप्ले उघडून तोच प्रसंग समोरच्या चालकाच्या आसनावरून पाहावा, आणि तक्रार करायची असेल तर ती त्यानंतरच करावी.