प्लाझ्मा तापवणाऱ्या लहरींचं सिम्युलेशन: या चुका टाळा

कोड एरर न देता संपला आणि टोकामॅकच्या (चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्यासारख्या यंत्राच्या) मध्यभागी ऊर्जा शोषल्याचा लालभडक पट्टा दिसला, की काम झालं असं वाटतं. पण चुकीच्या इनपुटवरही तितकंच देखणं चित्र उमटतं. म्हणून प्लॉट उघडण्याआधी कागदावर दोन आकडे काढाच.

पहिला अनुनादाचा, म्हणजे लहरीची वारंवारता कणाच्या फिरण्याशी जुळते त्या जागेचा. चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची सायक्लोट्रॉन वारंवारता दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ. गांधीनगरच्या एसएसटी-१ टोकामॅकमधला ४२ गिगाहर्ट्झचा जायरोट्रॉन (सूक्ष्मलहरी निर्माण करणारी नळी) १.५ टेस्लाशी जुळतो तो यामुळेच. दुसरा कटऑफचा, म्हणजे ज्या घनतेपुढे लहर जाऊ शकत नाही तिचा. ४२ गिगाहर्ट्झच्या ऑर्डिनरी मोडला (ज्या लहरीचं विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राला समांतर असतं तिला) घनमीटरमागे साधारण २.२ × १० चा १९वा घात इतके इलेक्ट्रॉन भेटले की पुढची वाट बंद. घनता त्याहून जास्त असूनही किरण (कोडने काढलेली लहरीची वाट) आरपार जात असेल, तर आधी एकक पाहा. घनतेची फाइल घनसेंटिमीटरमध्ये आणि कोड घनमीटर धरून बसलेला, हा घोळ फार वेळा सापडतो.

अनुनादाच्या जागेवरूनही गैरसमज होतो. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ईटर टोकामॅकच्या आराखड्यात ६.२ मीटर त्रिज्येवर ५.३ टेस्ला क्षेत्र आहे आणि लहर १७० गिगाहर्ट्झची. थंड प्लाझ्माच्या (कणांची उष्ण हालचाल न धरता केलेल्या) हिशेबाने अनुनाद सुमारे ५.४ मीटरवर येतो. बाहेरून तिरपी सोडलेली लहर मात्र डॉप्लर परिणामामुळे त्याच्या अलीकडेच शोषली जाते. ते पाहून चुंबकीय क्षेत्राचा आकडा ‘दुरुस्त’ करू नका. कोड बरोबर सांगतोय. उलट तिरप्या लहरीची ऊर्जा नेमकी थंड अनुनादाच्या रेषेवरच पडत असेल, तर काळजी करा. तापमान किंवा सोडण्याचा कोन कोडपर्यंत पोचलेला नसतो.

सर्वांत चिवट चूक समतोलाच्या (प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय क्षेत्र यांचा तोल सांगणाऱ्या) फाइलमध्ये लपते. तिच्या ईक्यूडीएस्के या प्रचलित प्रकारात चुंबकीय फ्लक्स वेबर प्रति रेडियनमध्ये असतो. कोडने तो नुसता वेबर मानला, तर पोलॉइडल (कड्याच्या छेदाभोवती फिरणारं) क्षेत्र ६.२८ पट कमी पडतं. तरी तापवण्याचं चित्र बऱ्यापैकी नीट दिसतं आणि बिघाड लक्षात येत नाही. चिन्हाची गडबड असेल, तर लहरीने ढकललेला विद्युतप्रवाह उलट्या दिशेने वाहताना दिसतो. उपाय सोपा आहे: कोडने वाचलेल्या क्षेत्रावरून क्यू (क्षेत्ररेषांचा पीळ सांगणारा आकडा) पुन्हा काढा आणि फाइलमधल्या क्यूच्या रकान्याशी ताडून पाहा. चिन्हांचे संकेत २०१३ मध्ये ‘कोकोस’ नावाने क्रमांकवार मांडले गेले आहेत. आपल्या कोडचा क्रमांक इनपुट फाइलमध्येच टिपून ठेवा.

किरण थरथरत जात असेल तर बहुतेक जण गणनेचं पाऊल लहान करत बसतात. डिस्पर्शन संबंधाचं (लहरीची वारंवारता आणि लहरलांबी बांधणाऱ्या समीकरणाचं) मूल्य किरणाच्या वाटेवर छापून बघा. ते शून्याशी चिकटून राहायला हवं. पाऊल अर्धं करूनही ते सरकत असेल, तर दोष घनतेच्या तक्त्यात असण्याची शक्यता जास्त. सरळ रेषेने जोडलेल्या बिंदूंपाशी उतार एकदम बदलतो आणि किरणाची समीकरणं त्या उतारावरच चालतात. क्यूबिक स्प्लाइन (बिंदूंपाशी उतारही सलग ठेवणारी वक्ररेषा) वापरा.

आयनांच्या सायक्लोट्रॉन वारंवारतेच्या लहरींसाठीच्या फुल-वेव्ह कोडमध्ये (किरणांऐवजी पूर्ण लहर सोडवणाऱ्या) एकूण शोषण ऋण आलं, तर काळाच्या घातांकाचं चिन्ह तपासा. स्थानिक ऋण ठिपके चालतात, मॅक्सवेलियन प्लाझ्मात (कणांचे वेग उष्ण समतोलातल्यासारखे वाटलेले असतात तिथे) एकूण ऋण चालत नाही. मोड रूपांतर होतं, म्हणजे लहर दुसऱ्या प्रकारच्या लहरीत बदलते, तिथे लहरलांबी फार आखूड होते. ते दिसत नसेल तर गणनेतल्या पोलॉइडल मोडची संख्या वाढवा, कृत्रिम टकरींचा आकडा चढवून समाधान मानू नका. तसं केल्याने एकूण शक्तीचा आकडा बरोबर राहतो, पण ती कुठे पडली ते पसरट होतं.

आणि ड्युटेरियममध्ये थोडा हायड्रोजन घेऊन तापवत असाल, तर हायड्रोजनला मॅक्सवेलियन समजू नका. त्याची वेगवान शेपटी (फार वेगवान कणांचा गट) तयार होते, हे प्लाझ्मा भौतिकज्ञ स्टिक्स यांनी १९७५ मध्येच दाखवलं. वेगांचं वितरण फोकर-प्लँक कोडमधून (ते कसं बदलतं ते सोडवणाऱ्या) काढा, ते लहरीच्या कोडला परत द्या आणि प्रत्येक प्रजातीने शोषलेल्या शक्तीचा आकडा स्थिरावेपर्यंत ही फेरी चालू ठेवा.