थंडीची आगोट: इंग्लंडहून फ्रान्सच्या खेड्यात घर मांडताना

चिपळूणला आमच्याकडे पावसाआधीच्या तयारीला आगोट म्हणायचे. मे महिन्यातच सुकी लाकडं पडवीत रचून व्हायची, कौलं चाळून व्हायची, मीठ-मिरची आणि सुकी मासळी डब्यात भरून पडायची. जूनमध्ये लाकडं शोधत फिरणाऱ्या घराला गाव हसायचं. ही आगोट मी फ्रान्समध्ये येऊन पुन्हा शिकले. फक्त पावसाऐवजी थंडी आणि चिपळूणऐवजी फ्रान्सचा लिमुझँ प्रांत.

इंग्लंडमधल्या रीडिंगला वीस वर्षं काढून आम्ही दोघं 2017 साली लिमोझ शहराच्या उत्तरेला एका वाडीत आलो. सात उंबरे, त्यातले तीन इंग्लिश. या भागात ते काही नवल नाही. शेजारच्या दोर्दोन्य जिल्ह्यातल्या एमे गावात इंग्लिश इतके आहेत की तिथे क्रिकेटचा क्लब आहे. आता रीडिंगचे आमचे जुने शेजारीही इकडे घर घेतायत आणि रोज एक प्रश्न पाठवतायत. प्रश्न तेच, जे आम्ही विचारले होते. उत्तरं एकदा सलग लिहून ठेवते, कारण ब्रिटनमधली दोन मराठी घरंही आता तेच विचारायला लागलीत.

निघण्याआधी कागद. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, म्हणून कायमचं यायचं तर ब्रिटनमधूनच लांब मुदतीचा व्हिसा काढून निघा आणि पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन नोंदवा. हे विसरणारे दर वर्षी भेटतात. ब्रिटनचं सरकारी पेन्शन सुरू असेल तर एस-1 हा फॉर्म मागवा, त्याच्यावर इथलं आरोग्य खातं उघडतं. जन्मदाखला आईवडिलांची नावं असलेला, पूर्ण हवा. भारतात जन्मलेल्यांनी तो अपोस्टील करून, म्हणजे परदेशात चालेल असा सरकारी शिक्का मारून, घ्यावा आणि भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं. पुण्यातून करून आणलेलं माझं भाषांतर इथल्या सरकारी कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी न वाचताच परत सरकवलं होतं. घरसामानाची यादी फ्रेंचमध्ये, किमतीसकट, तारीख-सही करून ठेवा. सहा महिन्यांहून जुन्या वापरातल्या सामानावर मग जकात लागत नाही. त्या सामानात बेकन आणि चेडर मात्र बसत नाही. ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कुत्रा असेल तर ब्रिटनचा जुना पेट पासपोर्ट चालत नाही, व्हेटकडून प्रवासापुरता आरोग्य दाखला घ्यावा लागतो.

काय आणू नये? पलंगपोस आणि रजयांचे अभ्रे. इथल्या गाद्या 140 किंवा 160 सेंटिमीटर रुंद आणि उशा चौकोनी, 65 बाय 65 च्या. इंग्लंडचं काहीच धड बसत नाही. उलट सहा सॉकेटांचा इंग्लिश एक्स्टेन्शन बोर्ड जरूर आणा. त्याचा एकच प्लग बदलला की दिवे, रेडिओ, चार्जर सगळे त्यावर चालतात. किटली मात्र त्यावर नको.

घर घ्यायचं ठरलं की सगळे छप्पर बघतात. मी म्हणते, खाली बघा. खेड्यात गटार योजना क्वचितच असते. प्रत्येक घराची स्वतःची टाकी, फॉस सेप्तिक. विक्रीच्या वेळी तिच्या तपासणीचा अहवाल जोडावा लागतो, तो तीन वर्षांच्या आतला हवा, आणि टाकी नियमात बसत नसेल तर दुरुस्ती घेणाऱ्याच्या गळ्यात, एका वर्षात. हा खर्च हजारो युरोंत जातो, म्हणून सौदा करतानाच किंमत त्या हिशेबाने पाडून घ्यायची. आम्ही पाडली नाही. आणखी एक गोष्ट आम्ही विचारली नाही, ती म्हणजे टाकीचं झाकण कुठे आहे. गाळ टाकीच्या निम्म्यापर्यंत आला की उपसा करायचा असतो. उपशाचा ट्रक दारात उभा, पाइप घेऊन माणूस तयार, आणि आम्ही तिघं अंगणभर झाकण शोधतोय. शेवटी शेजारचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, एक लोखंडी सळई घेऊन आले. जमिनीवर ठोकत, कान देत, हळूहळू चालत राहिले. ठक, ठक, ठक, आणि मग एकदम पोकळ आवाज. मी आल्या आल्या हौसेने लावलेल्या हायड्रेंजियाच्या ताटव्याच्या बरोब्बर मध्ये. ताटवा गेला. तेव्हा जुन्या मालकाला किल्ल्या घेतानाच झाकण, पाण्याचा मीटर आणि मुख्य कॉक दाखवायला सांगा आणि फोटो काढा. आणि त्या टाकीत ब्लीच ओतू नका, ओले वाइप्स टाकू नका. आत जिवाणू काम करत असतात, त्यांना मारलंत की वास घरात येतो.

पाण्याचा मीटर बहुधा रस्त्याकडेला खड्ड्यात असतो. थंडीआधी त्यावर थर्माकोल बसवा. महिन्यातून एकदा आकडा लिहून ठेवा, विशेषतः घर बंद ठेवून इंग्लंडला जाणार असाल तर. जमिनीखालची नळी फुटली आणि बिल दुपटीच्या वर गेलं, तर कंपनीने कळवल्यापासून महिन्याच्या आत प्लंबरकडून दुरुस्तीचा दाखला दिल्यास जास्तीचं माफ होतं. गळका फ्लश त्यात धरत नाहीत. आणि हो, नळावरचा सी म्हणजे कोल्ड नव्हे. तो शो, म्हणजे गरम. थंड तो एफ, फ्र्वा. आमच्याकडे आलेला प्रत्येक इंग्लिश पाहुणा एकदा पोळलाय.

मग वीज. ‘किटली लावली की घर अंधारात जातं, वायरिंग खराब आहे का?’ हा प्रश्न मला किमान दहा जणांनी विचारलाय. वायरिंग खराब असेलही, पण बहुतेकदा कारण वेगळं असतं. इथे तुम्ही किती शक्ती एका वेळी ओढणार हे ठरवून वर्गणी भरता: तीन, सहा, नऊ, बारा केव्हीए. सहाची वर्गणी असताना तीन किलोवॅटची इंग्लिश किटली, ओव्हन आणि धुलाई मशीन एकदम लावलं की मीटर सरळ वीज तोडतो. जुन्या शेतघरांत गंमत आणखी वाढते. तिथे शेतीच्या यंत्रांसाठी तीन फेजची जोडणी असते आणि नऊ केव्हीए तिन्ही फेजांत वाटले जातात, एकेकाला तीन. स्वयंपाकघर एकाच फेजवर असेल तर एकटी किटली त्याचा सगळा वाटा खाते. म्हणून घर बघताना मीटरवर किती केव्हीए आणि किती फेज हे टिपा. आम्ही एका फेजवर आलो आणि नऊ घेतले. त्याशिवाय रात्रीचा स्वस्त दर आहे का ते विचारा; पाणी तापवायचा बंब त्या तासांवर लावलेला असतो. त्याला बिघडलाय समजून दुपारी बटणं दाबत बसू नका.

गॅस नळाने येत नाही, सिलिंडर पेट्रोलपंपावरून किंवा सुपरमार्केटातून आणायचा. पहिल्या वेळी अनामत भरता, ती पावती सांभाळा. ब्यूटेनचा सिलिंडर घरात, प्रोपेनचा बाहेर. ब्यूटेन बाहेर ठेवलात तर शून्याच्या आसपास तो गॅस देईनासा होतो, आणि मग ऐन थंडीत भाकरी तव्यावर आणि शेगडी थंड.

आता खरी आगोट, लाकूड. आमच्या घराला एका हिवाळ्यात आठ स्तेर लागतात. स्तेर म्हणजे एक मीटर लांबीच्या ओंडक्यांची एक घनमीटर रास. पण तेच ओंडके पन्नास सेंटिमीटरचे कापले की फटी कमी होऊन रास सुमारे 0.8 घनमीटर भरते, तेहेतीसचे कापले तर 0.7. नवीन इंग्लिश माणूस टेप घेऊन मोजतो, आकडा कमी येतो, आणि लाकूडवाल्याने फसवलं म्हणून गावभर सांगत सुटतो. त्याने फसवलेलं नसतं. फसवणूक व्हायची ती ओलाव्यात होते. वीस टक्क्यांखाली ओलावा हवा. त्याला ओकसारखं लाकूड फोडून दोन वर्षं तरी वाळावं लागतं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा, वाळलेलं खणखणतं, ओलं धप्प वाजतं. ओक आणि चार्म, म्हणजे हॉर्नबीम, चांगलं. इथे चेस्टनट भरपूर आणि स्वस्त, पण ते ठिणग्या फार उडवतं, उघड्या फायरप्लेसमध्ये नको. मागणी मे महिन्यात द्या. ऑक्टोबरमध्ये फोन केलात तर लाकूडवाला नम्रपणे पुढच्या वर्षीचं विचारतो.

धुराडं वर्षातून किमान एकदा साफ करून घेणं 2023 पासून देशभर सक्तीचं आहे; काही ठिकाणी स्थानिक नियम दोनदा सांगतो. माणूस जूनमध्ये बोलवा आणि त्याचा दाखला विम्याच्या फाइलमध्ये लावा. आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच कागद मागते. धुराचा अलार्म 2015 पासून प्रत्येक घरात बंधनकारक आहे.

कारागीर. दारावर येऊन रोख पैशात काम करून देणारा गोड इंग्लिश बिल्डर प्रत्येक भागात एक असतोच. त्याला चौदा आकडी सिरेत नंबर, म्हणजे धंद्याचा नोंदणी क्रमांक, आणि दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा कागद विचारा. तो लगेच घड्याळ बघायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा. लेखी अंदाजपत्रक, म्हणजे दव्ही, घ्या. दोन वर्षांहून जुन्या घराच्या दुरुस्तीला कर वीसऐवजी साधारण दहा टक्के लागतो, पण तो बिल देणाऱ्या कारागिराकडूनच. खिडक्यांचं रूप बदलायचं, पाच चौरस मीटरहून मोठी शेड घालायची, तर आधी मेरीत अर्ज. मेरी म्हणजे आपली ग्रामपंचायत. आमची आठवड्यातून दोन अर्धे दिवस उघडते. आत शिरल्यावर आधी बोंझूर, म्हणजे नमस्कार. प्रश्न नंतर. बोंझूर न म्हणता थेट ‘एक्स्क्यूज मी’ करणाऱ्याला इथे उद्धट समजतात, आणि काम मग सावकाश होतं.

टपालपेटी हा किरकोळ विषय वाटतो, पण नाही. पेटी रस्त्याच्या कडेला हवी, प्रमाण मापाची, 26 बाय 26 बाय 34 सेंटिमीटर, आणि तिच्यावर नावं. सगळी. फ्रान्समध्ये सरकारी कागदावर बाईचं माहेरचं आडनाव आयुष्यभर चालतं. लग्नानंतर तीस वर्षं नवऱ्याचं आडनाव लावणाऱ्या इंग्लिश बायका इथे गोंधळतात, कारण आरोग्य खात्याचं पत्र त्यांच्या कुमारिकेच्या नावाने येतं आणि पेटीवर ते नाव नसल्यामुळे परत जातं. मला आपलं बरं वाटलं. सासरी बदललेलं नाव बाजूला पडून बाबांचं आडनाव पुन्हा छापून आलं, तेही फ्रेंच सरकारच्या खर्चाने.

बँकेचे चेक इथे अजून चालतात, पण न वटलेला चेक ही मोठी भानगड आहे. मिटवला नाहीत तर पाच वर्षांपर्यंत चेक लिहायला बंदी येते. आकडे फ्रेंच वळणाने लिहा. इंग्लिश 7 मध्ये आडवी रेघ नसली तर त्याचा 1 वाचतात. आयकराचं विवरण दर वर्षी भरा, ब्रिटनची बँक खाती, आणि भारतातलीही, त्यात जाहीर करा. लपवलेल्या एका खात्याला दंड 1500 युरोंपासून सुरू होतो.

कचरा बहुतेक वाड्यांत दारात कोणी न्यायला येत नाही. पिशव्या कोपऱ्यावरच्या डब्यांत, काच वेगळ्या पेटीत, मोठ्या वस्तू देशेतरीत, म्हणजे सार्वजनिक कचरा केंद्रात. बागेतला पालापाचोळा जाळू नका, दंड 750 युरोंपर्यंत आहे.

आता राहिले आवाज. महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला भोंगा वाजतो, ती चाचणी असते. आमच्या शेजारच्या इंग्लिश आजी पहिल्या वेळी पासपोर्ट घेऊन तळघरात गेल्या होत्या. माळ्यावर रात्री कोणी फुटबॉल खेळतंय असं वाटलं तर ते लुआर नावाचे मोठ्या शेपटीचे उंदीर किंवा फुईन नावाचा मुंगसासारखा प्राणी. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम, तेव्हा रविवारी रानातून फिरायला भडक कपडे घाला. आणि शेजारचा कोंबडा पहाटे चारला आरवला तरी तक्रार करू नका. ओलेराँ बेटावरच्या मोरीस नावाच्या कोंबड्यावर खटला झाला होता, 2019 मध्ये तो जिंकला, आणि 2021 च्या जानेवारीत खेड्यातले आवाज आणि वास यांना वारसा म्हणून कायद्याने जपलं गेलं.

नोव्हेंबरपासून घरात पाच-दहा युरोंच्या सुट्ट्या नोटा ठेवा. अग्निशमन दलाचे लोक कॅलेंडर घेऊन दारात येतात, मागोमाग पोस्टमनही. किंमत सांगत नाहीत, तुम्ही द्याल ते. पहिल्या वर्षी मी विक्रेते समजून ‘नको, नको’ म्हणत दार लावलं होतं. पुढचे सहा महिने टपाल थोडं ओलंच मिळत होतं, असं नवरा म्हणतो. ते कॅलेंडर स्वयंपाकघरात लावा. आमचं कालनिर्णयच्या शेजारी असतं, आणि त्याच्या मेच्या पानावर मी जानेवारीतच लाल पेनाने लिहून टाकते: आठ स्तेर, ओक, पन्नासचे तुकडे.