विंडोजमध्ये प्रोग्राम झटपट कसे उघडायचे

डेस्कटॉपवर आयकॉनची रांगोळी मांडली की सगळं हाताशी राहतं, हा समज ऑफिसांतून काही जात नाही. खरं तर काम चालू असताना ते आयकॉन उघड्या विंडोंखाली झाकलेले असतात. आधी सगळं मिनिमाइज करा, मग हवा तो आयकॉन नजरेने हुडका, मग डबल-क्लिक. विंडोज १० आणि ११ मध्ये याहून जलद मार्ग आहेत. कोणता प्रोग्राम कुठल्या मार्गाने उघडायचा, हे तो दिवसातून किती वेळा लागतो यावरून ठरवावं.

दिवसभर लागणारे पाच-सहा

ब्राउझर, एक्सेल, टॅली, वर्ड, मेल. यांची जागा टास्कबारवर. प्रोग्राम एकदा उघडा, टास्कबारवरच्या त्याच्या आयकॉनवर राइट-क्लिक करा आणि 'पिन टू टास्कबार' निवडा. मग आयकॉन ओढून क्रम लावा. आता विंडोज की दाबून १ दाबलं की पहिला पिन केलेला प्रोग्राम उघडतो, २ ला दुसरा, असं ९ पर्यंत. दहाव्यासाठी ०. स्टार्ट आणि सर्चची बटणं या मोजणीत धरायची नाहीत. आकडे कीबोर्डच्या वरच्या रांगेतले वापरायचे.

प्रोग्राम आधीच उघडा असेल तर तीच जोडी त्याला पुढे आणते. एक्सेलच्या तीन फाइली उघड्या असतील तर विंडोज की न सोडता आकडा पुन्हापुन्हा दाबा, एकेक फाइल पुढे येते. सोबत शिफ्ट धरली तर त्याच प्रोग्रामची नवी विंडो उघडते. कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही धरले तर तो ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू होतो. सगळ्यात दुर्लक्षित जोडी म्हणजे विंडोज, ऑल्ट आणि आकडा: तिने त्या प्रोग्रामची अलीकडच्या फाइलींची यादी उघडते. बाणाने फाइलवर जा, एंटर दाबा. जीएसटीचं शीट किंवा पगारपत्रक रोज लागत असेल तर त्या यादीत फाइलच्या नावाशेजारी पिनचं चिन्ह येतं, ते दाबून फाइल कायमची वर ठेवा.

क्रम एकदा ठरला की बदलू नका. बोटांना सवय लागते ती जागेची. सर्वाधिक लागणारे चार १ ते ४ वर ठेवा, म्हणजे डाव्या हाताने काम होतं आणि उजवा माऊसवरून उचलावा लागत नाही.

कधीकधी पिन केलेल्या आयकॉनवर क्लिक केलं की त्याच प्रोग्रामचा दुसरा आयकॉन टास्कबारच्या टोकाला उगवतो. कारण असं, की पिन झालेली फाइल नुसती सुरुवात करून देणारी असते आणि प्रत्यक्ष चालणारी फाइल वेगळी, किंवा अपडेटनंतर फोल्डर बदललेलं असतं. जुना पिन काढा, प्रोग्राम चालू करा आणि त्या चालू आयकॉनवरूनच पुन्हा पिन करा.

अधूनमधून लागणारे

विंडोज की दाबा आणि सरळ टाइप करायला लागा. सर्चच्या चौकटीत क्लिक करायची गरज नाही. दोन-तीन अक्षरांत नाव वर येतं, मग एंटर. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून हवा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर. यादी स्थिरावायच्या आत एंटर दाबलं तर प्रोग्रामऐवजी वेबवरचा शोध उघडतो, तेव्हा वरची ओळ बघूनच दाबा.

मराठीत टाइप करणाऱ्यांची अडचण वेगळीच. वर्डमध्ये मराठी मजकूर चालू असताना स्टार्टमध्ये 'एक्सेल' शोधायला जावं तर तिथेही देवनागरी उमटते आणि हाती काहीच लागत नाही. विंडोज आणि स्पेसने कीबोर्ड बदलता येतो, पण दर वेळी कोण बदलणार? सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', मग 'टायपिंग', मग 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' इथे जा आणि प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याच्या पर्यायावर टिक करा. विंडोज १० मध्ये 'टायपिंग' थेट 'डिव्हाइसेस'मध्ये आहे. मग वर्ड मराठीत राहतं आणि सर्च इंग्रजीत. आकड्यांच्या जोड्यांना ही भानगड लागू नाही, कीबोर्ड कोणत्याही भाषेत असला तरी त्या चालतात.

इन्स्टॉल न करता नुसती फाइल डबल-क्लिक करून चालवायचे प्रोग्राम सर्चमध्ये बहुधा दिसत नाहीत, कारण स्टार्ट मेनूत त्यांची नोंदच नसते. विंडोज आणि आर दाबा. येणाऱ्या रनच्या चौकटीत शेल, त्याला चिकटून कोलन, मग प्रोग्राम्स असं रोमन अक्षरांत, मध्ये स्पेस न देता लिहा. उघडणाऱ्या फोल्डरमध्ये त्या प्रोग्रामचा शॉर्टकट टाका, थोड्या वेळात तो सर्चला सापडू लागतो.

रनची चौकट आणि एका अक्षराची नावं

रनमध्ये रोमन अक्षरांत विनवर्ड लिहिलं की वर्ड उघडतं, एमएसपेंटने पेंट, सी-ए-एल-सीने कॅल्क्युलेटर. हाच विनवर्ड शब्द कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाइप करायच्या काळ्या विंडोत) मात्र ओळखला जात नाही, कारण रन रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, 'ॲप पाथ्स' ही नोंद बघतं आणि कमांड प्रॉम्प्ट ती बघत नाही.

स्वतःची नावंही देता येतात. रनमध्ये फक्त एक टिंब लिहून एंटर करा, तुमचं युजर फोल्डर उघडेल. त्यात नवं फोल्डर करा. हव्या त्या प्रोग्रामांचे शॉर्टकट त्यात ठेवून एफ२ ने त्यांची नावं छोटी करा: टॅलीला टी, ब्राउझरला बी. स्टोअरमधून घेतलेल्या ॲपची फाइल सापडत नाही. त्यासाठी रनमध्ये शेल, कोलन, ॲप्सफोल्डर. तिथे सगळी ॲप दिसतात. राइट-क्लिक करून शॉर्टकट करा, तो डेस्कटॉपवर जातो, तिथून फोल्डरमध्ये हलवा.

आता विंडोजला हे फोल्डर दाखवायचं. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' टाइप करून 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट' उघडा. वरच्या चौकटीतली पाथ ही ओळ निवडा, 'एडिट', मग 'न्यू', आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या. 'कॉपी ॲज पाथ'ने पत्ता घेतला तर त्याच्या दोन्ही टोकांना अवतरण चिन्हं येतात, ती काढून टाका. आधीच्या ओळींना हात लावू नका, त्या दुसऱ्या प्रोग्रामांच्या असतात. सगळीकडे ओके. यापुढे विंडोज-आर, टी, एंटर एवढ्यात टॅली हजर. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे ऑफिसच्या मशीनवरही बहुधा जमतं. फक्त सीएमडी किंवा सी-ए-एल-सी यांसारखी विंडोजची नावं देऊ नका, आधी विंडोजचंच उघडेल.

कंट्रोल-ऑल्टच्या जोड्या

शॉर्टकट निवडून ऑल्ट-एंटर दाबा, 'शॉर्टकट की'च्या चौकटीत एखादं अक्षर दाबा. कंट्रोल आणि ऑल्ट आपोआप लागतात. शॉर्टकट डेस्कटॉपवर किंवा स्टार्ट मेनूत असेल तरच ही जोडी चालते, दुसरीकडे हलवला की बंद.

हा मार्ग शेवटचा ठेवावा. वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-१ ने पहिल्या पातळीचं शीर्षक लागतं, तीच जोडी प्रोग्रामला दिली तर वर्डमधली जाते. 'इंग्लिश इंडिया' कीबोर्डवर उजवा ऑल्ट आणि ४ ने ₹ उमटतं. विंडोजच्या लेखी तो उजवा ऑल्ट म्हणजे कंट्रोल-ऑल्टच, म्हणून ४ ला हात लावला तर ₹ गेलं. शिवाय जोडी दाबल्यावर कधीकधी दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. ही जोडी आधी कुणाकडे आहे का, असं विंडोज उघड्या विंडोंना विचारत असतं आणि एखादी गप्प बसलेली असते.

आणखी हवं असेल तर मायक्रोसॉफ्टचा पॉवरटॉइज हा मोफत साधनसंच आहे. त्यातल्या 'रन'ची चौकट ऑल्ट-स्पेसने येते, आणि उघड्या विंडो शोधण्यापासून हिशोबापर्यंत सगळं तिथेच होतं. ज्यांचं काम टास्कबार आणि सर्च या पहिल्या दोन मार्गांत भागतं त्यांना त्याची गरज नाही.

सकाळी मशीन लावल्या लावल्या जे उघडायचंच असतं, त्याचा शॉर्टकट शेल, कोलन, स्टार्टअप या फोल्डरमध्ये टाका. दोन-तीनच ठेवा, नाहीतर लॉग-इननंतर मशीन रेंगाळतं. न विचारता तिथे घुसलेले प्रोग्राम बंद करायला कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या यादीत नको त्यावर राइट-क्लिक करून 'डिसेबल' करा. त्याने प्रोग्राम अनइन्स्टॉल होत नाही, फक्त आपण उघडेपर्यंत चालू होत नाही.