मालकाला सांगा, मी येईपर्यंत स्कूटर चालू करू नका

जुनी स्कूटर बघायला जायच्या आदल्या रात्री मालकाला फोन करून एवढंच सांगायचं, की सकाळी मी आल्यावरच गाडी चालू करूया. सांगूनही निम्मे लोक चालू करून ठेवतात. म्हणून पोचल्याबरोबर रंगाकडं न बघता पहिला हात सायलेन्सरजवळ न्यायचा. चिकटवायचा नाही, नुसता जवळ न्यायचा. ऊब लागली तर चहा घ्यायचा, "उद्या सातला येतो" म्हणायचं आणि निघायचं. गरम इंजिन पहिल्या किकला लागतं, धूर कमी काढतं, आवाजही बरा देतं. विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलिंडर बोअरिंगचं, म्हणजे घासलेला सिलिंडर आतून कातून सारखा करायचं, छोटं दुकान आहे. नात्यात कुणालाही गाडी घ्यायची झाली की "मामा, तेवढं नुसतं बघून घ्या" हे ठरलेलं. गाडी म्हणजे बहुतेक वेळा ११० सीसीची स्कूटर, आठेक हॉर्सपॉवरची. एवढ्याशा ताकदीत इंजिन, बेल्ट किंवा क्लचमधलं थोडं जरी कमी झालं तरी चालवताना लगेच कळतं. फक्त ते कळेल अशा रस्त्यावर गाडी न्यायला पाहिजे. मालकाच्या गल्लीत एक फेरी मारून "भारी आहे की" म्हणणाऱ्याला काहीच कळत नाही.

निघण्याआधी आरसी, विमा आणि पीयूसी आपल्या खिशात घ्यायचं, हेल्मेट आपलं न्यायचं, आणि आपल्या गाडीची किल्ली मालकाच्या हातात द्यायची. विश्वासाचा प्रश्न तिथंच मिटतो. मग टायरची हवा बघायची. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पुढं २२ आणि मागं एकट्याला २९, डबलसीटला ३६ पीएसआय असा आकडा असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात बघायचा. हवा कमी असेल तर चांगली गाडीही जड वाटते आणि जास्त असेल तर चांगला शॉकअपही आदळतो. चुकीच्या हवेवर चालवून काढलेलं मत कामाचं नाही.

आता थंड गाडी. किक असेल तर सेल्फ मारायच्या आधी हातानं किक हळू दाबून बघायची. एका जागी ती अडली पाहिजे, जोर लावल्यावरच पुढं गेली पाहिजे. लोण्यात सुरी गेल्यासारखी खाली गेली तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय, आणि ते काम शेवटी माझ्यासारख्याच्याच दुकानात येतं. १ एप्रिल २०२० नंतर बनलेल्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, आहेत, त्यात कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. त्यांची किल्ली फिरवल्यावर मीटरवर इंजिनाच्या चित्राचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. पण मुळात लागलाच नाही तर? तिथं मी जास्त सावध होतो. कुणीतरी तो दिवा बंद करून ठेवला असण्याची शक्यता असते.

धूर बघायला गाडीच्या मागं उभं राहायचं. थंडीत सकाळी पांढरी वाफ निघते, मिनिटभरात जाते, तिची काळजी नको. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू करताना भपकन येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील, त्याचा खर्च झेपतो. ॲक्सलेटर दिल्यावर येतच राहत असेल तर पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा बोअर घासलाय. असल्या गाडीला मी हात जोडतो, किंमत कितीही उतरवली तरी.

कोल्हापुरात एक गोष्ट जास्तीची बघावी लागते, ती म्हणजे पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तेव्हा किती गाड्या दोन-दोन दिवस पाण्याखाली होत्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यातल्या काही अजून फिरतात, काही तीन हातांतून गेल्यात. पत्ता बघून माणसावर संशय घेऊ नका, पुराच्या गाड्या पुराच्या पेठेत विकायला थांबत नाहीत. गाडीच बघायची. डिकी उघडून बॅटरीच्या खोक्यातून बोट फिरवा. वाळलेला गाळ बारीक पिठासारखा असतो, धुतला तरी कोपऱ्यात राहतो. हेडलाइटच्या काचेत आतून आडवी रेघ आहे का, सीटच्या बिजागरीला नुसता गंज आहे की गंजाचे पापुद्रे सुटलेत, हे बघा. ऑइलची पट्टी काढा, ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. इंजिन पुरातून वाचतं, खोलून धुतलं की चालतं. पण वायरिंगचे जोड आतून हिरवे पडतात आणि मग दर पावसाळ्यात एक नवीन दुखणं निघतं.

रस्त्यावर जाण्याआधी शेवटचं, मेन स्टँडवर. मागं कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटानं हळू डावीकडून उजवीकडं न्या. बरोबर मध्ये आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. खड्ड्यातून चाललेल्या गाडीचा तो जातोच. मागचं चाक धरून आडवं हलवा, खुळखुळ लागली तर बेअरिंग किंवा इंजिनाचा बुश.

चालवायला माझा रस्ता ठरलेला. राजारामपुरीतून निघायचं, टेंबलाई टेकडीचा चढ, तिथून शाहू नाक्यावरून उजळाईवाडीकडं, आणि येताना मुद्दाम वाईट रस्ता. सकाळी आठच्या आत, म्हणजे शाळेच्या रिक्षा सुटायच्या आधी.

पहिला अर्धा किलोमीटर फक्त सुटायचं आणि थांबायचं. स्कूटरमध्ये गिअर नसले तरी क्लच असतो, इंजिनानं वेग घेतला की त्याचे लायनर बाहेर फेकले जातात आणि भांड्याला आतून धरतात. ते लायनर चकाकले असतील किंवा भांडं घासलं असेल तर सुटताना सगळी गाडी थरथरते, फूटबोर्डावर पायाला कळतं. थंडीत थोडी थरथर मी सोडून देतो. दोन किलोमीटर गेल्यावरही राहिली तर क्लचचं काम किमतीतून वजा करायचं.

नंतर वीसपासून चाळीसपर्यंत सावकाश, एकसारखा ॲक्सलेटर देत जायचं. मधेच इंजिन ओरडतंय आणि काटा जागेवर, असं झालं तर पुलीतले रोलर एका बाजूनं चपटे झालेत किंवा बेल्ट घसरतोय. बेल्ट साधारण २० ते २५ हजार किलोमीटरला बदलतात. मीटर तीस हजार दाखवतंय आणि मालक म्हणतो अजून कशाला हात लावला नाही, तर तो खर्च तुमच्या वाट्याला ठेवलेला आहे. आणि मीटर बारा हजार दाखवतंय पण किकचं रबर गुळगुळीत, ब्रेकच्या लिव्हरचा रंग उडालेला, फूटबोर्डावर टाचेच्या जागी प्लास्टिक पांढरं पडलेलं असेल, तर मीटरवर विश्वास ठेवायचं कारण नाही.

टेंबलाईच्या चढाला दोघांनी जायचं. गेल्या हिवाळ्यात भाचीसाठी गाडी बघितली, ती शिवाजी विद्यापीठात शिकते. मी तिलाच चालवायला लावलं आणि माझं सगळं वजन मागं घेऊन बसलो. निम्म्या चढावर "थांबव" म्हटलं. थांबली. "आता सोड." गाडी मागं न सरकता, न गुरगुरता निघाली की पास. पूर्ण ॲक्सलेटरला इंजिनातून बारीक टकटक येते का तेही इथंच ऐकू येतं, कारण वेग कमी आणि भार जास्त. वर पोचल्यावर तिला गाडी मेन स्टँडला लावायला सांगितली. मालक लगेच मदतीला धावला, मी त्याला थांबवलं. शंभर-सव्वाशे किलोची गाडी तिला रोज गल्लीच्या उतारावर एकटीनं लावायची आणि मागं ओढायची आहे. दुसऱ्या झटक्यात लागली. दोन्ही टाचा टेकतात का हेही तेव्हाच बघितलं. गाडी कुणाची आहे ते ठरवा आणि त्यालाच चालवायला द्या. नवरे बायकोसाठी गाडी स्वतः चालवून पसंत करतात, ते मला कळत नाही.

ब्रेक रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगात बघायचे, आधी आरशात मागं बघून. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात दाबलं तरी चाक अडकू न देणारा ब्रेक) नसेल तर कॉम्बी ब्रेक सक्तीचा आहे. त्यात डावी लिव्हर दाबली की मागच्याबरोबर पुढचाही लागतो. फक्त डावी दाबा, गाडी सरळ थांबली पाहिजे. मग फक्त उजवी. लिव्हर मुठीला टेकायला आली किंवा गाडी एका अंगाला ओढली तर लायनर, केबल किंवा ड्रम. ड्रम ब्रेकचा सकाळचा चिर्रर्र आवाज दोन-चारदा दाबल्यावर जातो, त्याला घाबरू नका.

कुणी रोज पन्हाळ्याकडून ये-जा करणार असेल तर वाघबीळचा घाट उतरून बघितल्याशिवाय गाडी घेऊ नये. उतारावर ॲक्सलेटर सोडला की इंजिन थोडं धरून ठेवतं. पण वेग फारच कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी पळायला लागते, हे नवीन माणसाला दचकवतं. किंचित ॲक्सलेटर दिला की क्लच परत धरतो. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. सतत घासला तर ड्रम तापतो आणि खाली पोचेपर्यंत लिव्हर दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही.

महामार्गावर साठपर्यंत पुरे. हँडलवरची पकड सैल करा, पण हात सोडू नका. हँडल थरथरलं तर कोनसेट, टायर किंवा वाकलेली रिम. मागच्याच्या हातात मोबाईल देऊन जीपीएसचा वेग वाचायला सांगा. मीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवतं, पण फरक फार असेल तर विचारा, मीटर किंवा केबल कधी बदलली. येताना खड्ड्यांचा रस्ता घ्या. ऊस सुरू असला की कारखान्याकडं जाणारा कुठलाही रस्ता चालतो. पुढून 'खट' आवाज आला तर शॉकअपचे बुश.

परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. दोन मिनिटं तशीच चालू राहू द्या, मग बंद करून लगेच सेल्फ मारा. गरम गाडी ॲक्सलेटर न देता चालू झाली पाहिजे. खाली बसून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओलावा आहे का बघा, गिअर ऑइलचं सील तिथं गळतं. जमलं तर अंधार पडल्यावर एकदा हेडलाइट बघून घ्या. हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली किती लांबून दिसते, त्यावर बरंच अवलंबून असतं.

ॲव्हरेज एका फेरीत कळत नाही. मालक सांगतो तो आकडा ऐकून घ्यायचा. गाडी घेतल्यावर एकाच पंपावर, पहिल्यांदा नोझल थांबेपर्यंत भरा, शंभरेक किलोमीटर चालवा, तसंच परत भरा आणि भागाकार करा. ११० किलोमीटरला २.२ लिटर लागलं तर ५०.

पैसे देण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कर्ज, विमा आणि थकलेली चलनं बघा, चेसिस नंबर आरसीशी ताडून घ्या. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर घ्यायच्या. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचं नाव असेल तर ते काढायचा फॉर्म ३५ पण. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करून घ्यायची असते. तोपर्यंत तुम्ही दाभोळकर कॉर्नरला सिग्नल तोडलात तर चलन जुन्या मालकाच्या मोबाईलवर जाणार, आणि संध्याकाळी त्याचा फोन तुम्हाला.