क्रूझला जाताय? घोळ सगळे जमिनीवरच होतात

क्रूझ करून आलेली चार माणसं एकत्र बसली की जहाजावर काय बिघडलं याच्या गोष्टी फार कमी निघतात. बिघडतं ते सगळं चढायच्या आधी नाहीतर मधल्या बंदरावर. एकदा जहाजावर पाऊल ठेवलं की ती मंडळी तुम्हाला खायला घालतात, पलंग आवरतात, टॉवेलचं माकड करून टांगतात, तुम्ही काही करायची गरज नसते. म्हणून खाली जे लिहितेय त्यातलं बरंचसं घरी बसूनच करायचंय. आमच्या घरात, सोसायटीत आणि नणंदेच्या भिशीत मिळून क्रूझवाले बरेच आहेत, कोणी सिंगापूर, कोणी अलास्का, कोणी ग्रीस, झालंच तर मुंबई-गोवा, त्या सगळ्यांचं आणि माझं मिळून हे गाठोडं.

आधी व्हिसा, कारण इथे चुकलं तर पुढचं वाचून उपयोगच नाही. आपला पासपोर्ट भारतीय, त्यामुळे जहाज ज्या ज्या देशात टेकणार तिथले नियम बघायचे, "आम्ही उतरणारच नाही, जहाजावरच बसू" हे चालत नाही. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येणारी क्रूझ असेल तर तुम्ही सिंगापूरमधे दोनदा शिरता, म्हणजे मल्टिपल एंट्री व्हिसा हवा, आणि सिंगापूरमधे शिरताना ऑनलाइन भरायचं ते अरायव्हल कार्डही परतताना पुन्हा भरायचं. अलास्काची गंमत तर अजून भारी. अमेरिकेच्या सिॲटलहून सुटणारी जहाजं अमेरिकेचंच अलास्का करून परत येताना कॅनडाच्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात, कारण अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकन बंदरांमधे फिरून येता येत नाही, मधे एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. आता त्या चार-पाच तासांसाठी आपल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि तो नसेल तर सिॲटललाच चढू देत नाहीत. ओळखीतलं एक जोडपं मुलाकडे अमेरिकेत राहून तिथूनच बुकिंग करणार होतं, मुलगा अमेरिकन नागरिक, त्याला कॅनडाचा व्हिसा लागत नाही म्हणून हे त्याच्या डोक्यातच नाही, सुनेने वेळेवर बघितलं म्हणून वाचले. पासपोर्टला प्रवास संपल्यावरही सहा महिने शिल्लक हवेत हे तर तुम्हाला माहीतच असेल.

आणि विमानाने जात असाल तर एक दिवस आधी पोचा. हे सगळे जुने क्रूझवाले एकमुखाने सांगतात. मुंबईचं विमान उशिरा सुटलं म्हणून जहाज थांबत नाही. हॉटेलचे एका रात्रीचे पैसे जातात, जाऊ देत.

केबिन निवडताना लोक फक्त खिडकी आहे का बाल्कनी एवढंच बघतात, पण ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. सी-सॉवर मधे बसलेल्याला जसं कमी वरखाली होतं तसंच जहाजाचं, मधल्या भागात आणि खालच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, हलणं सगळ्यात कमी. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी पुढच्या टोकाची वरची केबिन घेऊ नये, ती कितीही स्वस्त मिळू दे. दुसरं म्हणजे डेक प्लॅन उघडून डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा खरखराट, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री धडधड. वर पण केबिन आणि खाली पण केबिन, अशी जागा सगळ्यात शांत. बाल्कनी अलास्काला घ्याच, हिमनदी बघायला पहाटे स्वेटर घालून बाहेर उभं राहता येतं. सिंगापूरच्या तीन रात्रींच्या क्रूझला मात्र मला तो खर्च वाया वाटतो, मुलं दिवसभर पाण्यात आणि आपण खाण्यात, केबिनमधे असतं कोण! आतल्या केबिनमधे दिवस-रात्र कळत नाही ही तक्रार खरी आहे, त्याला उपाय म्हणजे टीव्हीवर बऱ्याच जहाजांच्या पुढच्या कॅमेऱ्याचा चॅनल असतो, तो आवाज बंद करून चालू ठेवायचा, उजाडलं की खोलीत उजेड येतो. एकट्याने जाणाऱ्याला बऱ्याचदा जवळजवळ दोघांचे पैसे पडतात, तेव्हा जोडीदार शोधा.

बोट लागण्याचं काय? आपल्याकडे कोकणच्या बोटीने गेलेली पिढी लिंबू हुंगत जायची, आताची जहाजं मोठी आहेत आणि त्यांना डुलणं कमी करणारे पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. तरी गोळी जवळ ठेवा. एव्होमिनसारखी गोळी मळमळायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी घ्यायची असते, झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आलेपाकही न्या. मळमळलं तर केबिनमधे आडवं पडून मोबाईल बघत बसू नका, मधल्या डेकवर मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे बघा, आणि पोट अगदी रिकामं ठेवू नका.

आता बॅग. टर्मिनलवर तुमच्या मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते. म्हणून गोळ्या-औषधं, चष्मा, चार्जर, पासपोर्ट, स्विमिंगचे कपडे हे हातातल्या पिशवीत. बॅगेत काय नको ते पण ऐका. इस्त्री, किटली, राइस कुकर, छोटी शेगडी, उदबत्ती-निरांजन, हे सगळं आगीच्या भीतीने काढून घेतात. सिंगापूरला माझ्या पुढेच एक काकू होत्या, एक्स-रेच्या पट्ट्यावर त्यांची बॅग बाजूला काढली, पोरीने चेन उघडली, साडीत गुंडाळलेली किटली बाहेर आली, किटलीत चहाचा डबा, डब्यात वेलचीची पुडी. पोरगी हसली, डबा आणि पुडी परत दिली, किटलीला नंबराची चिठ्ठी लावून मागच्या मांडणीवर ठेवली. तिथे आधीच किटल्यांची आणि इस्त्र्यांची रांग लागलेली होती, उतरताना परत देतात, पण तोवर चहाचे वांधे. त्यापेक्षा चहाच्या प्रीमिक्सच्या पुड्या न्या, बुफेमधे गरम पाणी बहुतेक कधीही मिळतं. खाऊ न्यायचा तर कंपनीचं बंद पाकीट, घरचे लाडू आणि फोडणीच्या पोळ्या अडवू शकतात. आणि एक वस्तू जी कोणी सांगत नाही, लोहचुंबकाचे हुक. केबिनच्या भिंती पोलादी असतात, हुक टपकन चिकटतात, ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं टांगता येतं.

शाकाहारी आणि जैन मंडळींनी बुकिंग करतानाच तसं लिहून द्यायचं. शिवाय पहिल्या रात्री डायनिंग हॉलमधे हेड वेटरला भेटून उद्या काय हवं ते सांगायचं, बऱ्याच जहाजांवर भारतीय आचारी असतात, आदल्या दिवशी सांगितलं तर डाळ, पोळी, भाजी प्रेमाने करून देतात, ऐनवेळी मागितलं तर पास्ता. चढल्या चढल्या सगळं पब्लिक बुफेवर तुटून पडतं, तेव्हा बसून जेवायचा हॉल उघडा आहे का विचारा.

पैशाचं बोलू. तिकिटाची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नाही. मोठ्या अमेरिकन कंपन्यांची टिप माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप बिलात चढते, लहान मुलांचीही. दारूचं पॅकेज घ्यायचं तर आधी ऑनलाइन स्वस्त पडतं, पण बऱ्याच कंपन्यांत एका केबिनमधल्या एकाने घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागतं, म्हणजे नवऱ्याच्या बिअरपायी बायकोच्या लिंबूसरबताचे पण तेवढेच पैसे. जहाजावर रोख चालत नाही, कार्ड जोडतात, तिथे क्रेडिट कार्डच द्या, डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड देऊ नका, ते रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात. फोन चढल्या क्षणी एअरप्लेन मोडवर. किनारा सुटला की फोन जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतो, ते तुमच्या नेहमीच्या रोमिंग पॅकमधे बहुधा नसतं, आणि बिल बघून खरंच बोट लागते. डॉक्टर जहाजावर असतो पण फी डॉलरमधे, तेव्हा क्रूझ धरणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच. प्रवास संपेपर्यंत २४ वा आठवडा लागणार असेल तर गरोदर बाईला बहुतेक कंपन्या घेत नाहीत आणि सहा महिन्यांखालच्या बाळालाही बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आधी विचारा.

सुटायच्या आधी सुरक्षेचं ड्रिल होतं, ते टाळू नका. २०१२ मधे कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ बोट इटलीजवळ खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच लोकांचं ड्रिल व्हायचंच होतं, त्यानंतर नियम कडक झाले. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे धोक्याचा इशारा, एवढं पोरांनाही शिकवून ठेवा.

बंदरावर उतरलात की घड्याळ सांभाळा. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल आणि पाचला परत या म्हणाले असतील, तर फुकेटमधे तुमचा मोबाईल तेव्हा चारच दाखवतो, आणि तुम्ही निवांत शहाळं पीत बसता. म्हणून जहाजाच्या वेळेचं एक साधं मनगटी घड्याळ लावा. जहाजाच्याच टूरने गेलात तर उशीर झाला तरी ते बघून घेतात, स्वतः टॅक्सी करून गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, मग पुढच्या बंदरापर्यंत तुमच्या खर्चाने. तरी मी म्हणेन छोट्या गावात स्वतःच फिरा, स्वस्त पडतं आणि गाइडच्या झेंड्यामागे चालावं लागत नाही. रोमसारखं असेल तर विचार करा, जहाज लागतं चिविटावेकियाला, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर. सँटोरिनीला जहाज धक्क्याला लागतच नाही, छोट्या बोटीने उतरायचं, मग वर गावात जायला केबल कार किंवा ५८८ पायऱ्या, आणि परतताना केबल कारची रांग संपता संपत नाही, गुडघेवाल्यांनी तासभर आधी निघावं. आपल्या लक्षद्वीपलाही जहाज लांब उभं राहतं, लाटा असल्या तर उतरवत नाहीत, तिथे कप्तानाचा शब्द शेवटचा, रिसेप्शनवर भांडून काही होत नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, चपला आणि पासपोर्ट बाहेर काढून ठेवलेत ना ते दोनदा बघा, नाहीतर नाइट ड्रेसवर इमिग्रेशनच्या रांगेत. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढणार असाल तर सगळ्यात आधी उतरू देतात. परतीचं विमान काही झालं तरी दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.