कादंबरी प्रकाशकाला द्यावी की स्वतः काढावी?

आधी एवढंच विचारा: छपाईचा खर्च कोण करणार? प्रकाशक करणार असेल तर ते पारंपरिक प्रकाशन, तुम्ही करणार असाल तर स्वयंप्रकाशन. लेखकाकडून पैसे घेऊन हक्कही आपल्याकडे ठेवणारे काही जण भेटतात. त्यांच्या कागदावर सही करू नका.

दोन्ही वाटा मोकळ्या असतील तर सुरुवात प्रकाशकापासून करा. स्वतः काढून झालेली कादंबरी प्रकाशक सहसा घेत नाहीत. प्रकाशकाने नाकारल्यावर स्वतः काढणं मात्र केव्हाही जमतं. प्रकाशक कादंबऱ्या काढतो का, कोणत्या धाटणीच्या, ते त्याच्या यादीत पाहा. मग एक पानाचा गोषवारा (शेवटासकट; तो लपवणं ही नेहमीची चूक) आणि पहिली दोन-तीन प्रकरणं पाठवा. उत्तराला महिने लागतात. सहा महिन्यांची मुदत स्वतःच ठरवा.

होकार आला की आनंद जरा बाजूला ठेवून करार वाचा. मानधन छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर? किंमत १०० आणि विक्रेत्याची सूट ५० टक्के धरली, तर त्याच १० टक्क्यांचे पहिल्या हिशेबात १० होतात, दुसऱ्यात ५. अनुवाद, ऑडिओ, ई-बुक आणि चित्रपटाचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. पुस्तक बाजारातून संपल्यावर ठरावीक काळात नवी आवृत्ती निघाली नाही, तर हक्क परत मिळण्याचं कलम हवंच.

स्वतः काढायचं ठरलं तर संपादन आणि मुद्रितशोधन दोन वेगळ्या माणसांकडे द्या. पैसे वाचवायला हीच कामं गाळली जातात आणि वाचकाला तेच आधी दिसतं. मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) ठेवा. जुन्या फॉन्टमधून ई-बुककडे नेताना जोडाक्षरं फुटतात. छापील आणि ई-बुक आवृत्तीला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळा लागतो.

फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा संच, बहुधा १६ पानांचा असतो. २१२ पानं झाली तर चौदावा फर्मा, निदान अर्धा, लागतोच. ४ पानं आवरली की १३ फर्म्यांत भागतं. मुखपृष्ठाचा कणा (पुस्तकाच्या पाठीची पट्टी) पानसंख्या आणि कागद पक्का झाल्यावरच आखा, नाहीतर नाव कडेवर घसरतं.

विक्रीचा अंदाज नसेल तर मागणीनुसार छपाई (मागणी येईल तेवढ्याच प्रती छापणं) बरी. प्रत महाग पडते, पण घरात गठ्ठे साठत नाहीत.