जुन्या गाडीत मधूनच पेट्रोलचा वास? या चुका टाळा

वास सतत येत असेल तर काम सोपं असतं. कुठंतरी ओल दिसते, पाइप बदलला की विषय संपतो. डोकं खातो तो कधी येणारा, कधी न येणारा वास. गॅरेजला नेली की गायब, दारात आणली की पुन्हा सुरू. मग मेस्त्री कार्बोरेटर (जुन्या इंजिनात हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) खोलतो आणि मालकही खोलू देतो. ही पहिली चूक, आणि खिशाला सगळ्यात जड पडणारी.

असा वास वेळ पाळून येतो. ती वेळ कळल्याशिवाय पान्याला हात लावू नका. टाकी फुल केल्यावरच येतो का? सकाळी दार उघडल्या उघडल्या? तापलेली गाडी बंद करून थोडा वेळ गेल्यावर? चढाला, वळणाला? कागदावर आठवडाभर लिहा. टाकी फुल असतानाच येत असेल तर झाकणाचं रबर, पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी पाइप, हवेची बारीक नळी आणि टाकीवरच्या फ्लोट युनिटचं (पेट्रोलची पातळी काट्याला सांगणाऱ्या भागाचं) गॅसकेट, एवढ्यातच शोधा. गाडी बंद केल्यावर येत असेल तर पुढं इंजिनाकडं बघा. गरम इंजिनाच्या धगीनं कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलची वाफ होते. एप्रिल-मेमध्ये थोडा वास यायचाच, पण तो घमघमत राहिला तर वाटी भरली की पेट्रोल थांबवणारे फ्लोट आणि निडल व्हॉल्व्ह तपासा.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका निवृत्त सरांची कार्बोरेटरवाली मारुती 800 होती. वास फक्त शनिवार-रविवारी. एका गॅरेजनं कार्बोरेटरचं किट बदललं, दुसऱ्यानं फ्युएल पंप बदलला, वास होता तिथंच. "सर, पेट्रोल कधी भरता?" एवढंच मी विचारलं. "शनिवारी सकाळी. टाकी फुल करतो आणि गगनबावड्याकडं गावी जातो," सर म्हणाले. म्हणजे वास वाराचा नव्हता, फुल टाकीचा होता.

टाकी भरून गाडी टेंबलाईच्या चढाला तोंड वर करून लावली, इंजिन बंद. मागच्या चाकाच्या वरचा चिखल पुसून भरायच्या नळीच्या दोन्ही जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि थांबलो. थोड्या वेळानं खालच्या क्लिपखाली पावडर काळपट ओली झाली, अगदी कड्यासारखी गोल. पाइप वरून गुळगुळीत दिसत होता. बोटांनी वाकवला तेव्हा कुठं आतल्या बारीक भेगा उघडल्या. टाकी अर्धी असताना पेट्रोल तिथपर्यंत पोचतच नव्हतं. बदलायचा होता तो एक रबराचा तुकडा, आणि सरांनी पैसे भरले होते कार्बोरेटरचे.

तो वास आत कसा आला, हेही बघा. धावत्या गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो. काचा उघड्या असल्या की मागच्या डिकीच्या दाराच्या झिजलेल्या रबरातून ती हवा आत ओढली जाते. तोंडावर वारा पुढून लागतो म्हणून सगळे बॉनेट उघडून बसतात. वास शिरतो ती जागा वेगळी आणि गळती वेगळी, हे नव्या पोरांना कितीही सांगा, घाईत विसरतातच.

दुसरी चूक मला अजिबात बघवत नाही: पेट्रोलच्या लाइनला पाण्याचा नाहीतर पारदर्शक प्लास्टिकचा पाइप, आणि क्लिपच्या जागी पिळलेली तार. "सध्या चालवून घ्या" म्हणून लावलेला तो पाइप वर्षानुवर्षं तसाच राहतो, कडक होतो आणि इंजिनाच्या धगीशेजारी सुटतो. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीच्या लाइनमध्ये साधारण अडीच ते तीन बार दाब असतो, कार्बोरेटरच्या लाइनमध्ये त्याचा अगदी थोडा अंश. कार्बोरेटरचा पाइप इंजेक्शनच्या लाइनला लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांतही तयार होतं, पण जुनं रबर त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉलला चालेल असाच पेट्रोलचा पाइप मागून घ्या. मी एकच तुकडा बदलून कधीच थांबत नाही. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदम बदलतो, क्लिपाही नव्या. आणि उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा रिटर्न पाइपही, कारण सगळे नेमका तोच विसरतात.

पंपावर नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबा. राउंड फिगरसाठी काठोकाठ भरलेलं पेट्रोल उन्हात फुगतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. कॅनिस्टर, म्हणजे पेट्रोलची वाफ धरणारा कोळशाचा डबा असलेल्या गाडीत तो कोळसाही भिजून वाया जातो.

डिपस्टिक ओढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास असेल आणि पातळी वाढली असेल, तर कार्बोरेटरवाल्या गाडीत फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला असण्याची शक्यता मोठी. तशी गाडी चालवू नका.

गॅस किट असेल तर आधी वास ओळखा. घरच्या सिलिंडरसारखा असेल तर पेट्रोलच्या लाइनला हात न लावता गाडी किटवाल्याकडं न्या. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं, तिथं तर जास्तच जपा.

नाकाला वासाची सवय होते, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला हुंगायला सांगा. एअर फ्रेशनर लावू नका, त्यानं एकुलता एक इशारा झाकला जातो.

लायटर, विडी आणि हातातला तापणारा बल्ब लांब ठेवा. एलईडी टॉर्च घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यात साठते. त्यामुळं काम उघड्यावर करा. थेंब पडताना दिसला तर गाडी सुरू न करता ओढून न्या.

दुरुस्तीनंतर गल्लीतली एक चक्कर पुरत नाही. ज्या अवस्थेत वास यायचा तीच पुन्हा करा. टाकी भरून, काचा उघड्या ठेवून जोतिबाचा चढ चढा, वर गाडी बंद करून अर्धा तास उभी करा, मग दार उघडून हुंगा.